प्रायमर डब्यावर नाही, पत्र्यावर तपासा

(लातूर आणि नांदेड इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. दोन्हीकडच्या श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी घेतले आहेत.)



आजचा विषय ॲल्युमिनियमवरच्या स्प्रे प्रायमरचा आहे असं कळल्यावर एक जण म्हणाले, "त्यात तासभर काय बोलणार? डबा हलवायचा, फवारायचा, वाळला की वरून रंग मारायचा." बरोबर आहे. काम तेवढंच आहे. तरीही बोलायचं ठरवलं, त्याचं कारण या टेबलावर ठेवलंय. ॲल्युमिनियमच्या या आठ पाट्या आहेत. जवळ येऊन हात लावून बघा. कडेला नख लावलं की रंग प्रायमरसकट उचलला जातो, भाकरीचा पापुद्रा निघावा तसा. खाली पत्रा अगदी कोरा, चकचकीत.

या पाट्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या आहेत. मालक आणि कामाला दोन पोरं, एवढाच पसारा. दुकानांच्या आणि शेतरस्त्यांच्या पाट्या करायचं काम त्यांनी घेतलं. फेब्रुवारीत पाट्या लागल्या. उन्हाळाभर काही झालं नाही. पहिला मोठा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत रंगावर बाजरीच्या दाण्याएवढे फोड आले. गिऱ्हाइकानं राहिलेले पैसे अडवले. त्या पैशात दोन पोरांचा पगार होता. मालकाचं म्हणणं एकच, "डबा नकली निघाला." खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं होतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. त्याच डब्यातला प्रायमर मारलेल्या दोन पाट्या चांगल्या राहिल्या होत्या. डबा तोच, माणूस तोच, दिवसही तोच. मग फरक कुठं पडला? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

ॲल्युमिनियमची कातडी

आधी धातूकडं बघू. आपल्या आज्या ॲल्युमिनियमच्या भांड्याला "जर्मनचं भांडं" म्हणायच्या. त्या पातेल्यात बोअरचं पाणी रोज उकळलं की आतून ते काळपट पडतं, हे प्रत्येकानं पाहिलंय. त्यात धुण्याचा सोडा टाकला तर आणखी लवकर काळं पडतं. म्हणजे हा धातू गंजत नाही असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे.

ॲल्युमिनियम मुळात फार तापट धातू. हवा लागली की त्याच्यावर ताबडतोब ऑक्साइडचा थर धरतो. हा थर २ ते ४ नॅनोमीटर जाड असतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर केसाच्या जाडीत असे साधारण सतरा ते पस्तीस हजार थर मावतील. एवढासा थर, पण तोच धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, तो सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा थर मात्र घट्ट बसतो.

हा थर साधारण पीएच ४ ते ८.५ यांच्यामध्ये टिकतो. त्यापेक्षा आंबट किंवा त्यापेक्षा खारट-तुरट, म्हणजे अल्कली, दोन्हीकडं तो विरघळतो. चुना, सिमेंट, सोडा हे सगळे अल्कलीच्या बाजूला. म्हणून खिडकीच्या ॲल्युमिनियम सेक्शनवर ओलं सिमेंट पडून राहिलं की तिथं पांढरा डाग कायमचा उमटतो. आणि क्लोराइड, म्हणजे मिठातला तो भाग, मधल्या पीएचलासुद्धा या थराला बारीक भोकं पाडतो.

आता रंगाच्या दृष्टीनं अडचण अशी, की हा थर गुळगुळीत आहे. त्यावर कारखान्यातून लाटताना लागलेलं तेल असतं, आपल्या हाताचा घाम असतो, दुकानातली धूळ असते. रंगाला धरायला काहीच नाही. प्रायमरचं पहिलं काम धरून ठेवणं, गंज थांबवणं त्याच्या नंतर.

डब्यात असतं काय

बाजारात मिळणारे प्रायमर ढोबळमानानं तीन प्रकारचे.

पहिला वॉश प्रायमर, कुणी त्याला एच प्रायमरही म्हणतात. त्यात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचं रेझिन आणि थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं. ॲसिड पत्र्याला किंचित चावतं आणि रेझिनला पकड मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हा प्रकार जहाजांसाठी पुढं आला. त्याचा थर अगदी पातळ लागतो, साधारण १० मायक्रॉन. जाड मारला तर आतलं ॲसिड नीट संपत नाही आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

दुसरा दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, म्हणजे बेस आणि हार्डनर. ओलाव्याला अडवण्यात हा फार चांगला. पण ऊन लागलं की त्याची भुकटी होते, म्हणून वर रंग हवाच.

तिसरा साधा एका डब्याचा, ॲक्रिलिकसारखा, दाबलेल्या गॅसवर उडणारा. छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेक हाच असतो, कारण कॉम्प्रेसर लागत नाही आणि दहा मिनिटांत हाताला वाळतो.

एक जुना प्रकार मुद्दाम सांगतो: झिंक क्रोमेट. विमानांच्या आतल्या भागाचा तो पिवळट-हिरवा रंग तुम्ही चित्रांत पाहिला असेल. १९३० च्या दशकापासून विमानांत तो वापरला गेला. गंज थांबवण्यात त्याला तोड नव्हती. पण त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला गट १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं. म्हणून डब्यावर क्रोमेट लिहिलं असेल तर "जुनं ते सोनं" म्हणून घेऊ नका.

तापमानाची ओढाताण

ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. हिशोब करून बघा. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर ॲल्युमिनियम ०.०२३ मिलिमीटर वाढतं, लोखंड ०.०१२. आपल्याकडं जानेवारीतल्या पहाटे पत्रा १० अंशांवर असतो. मे महिन्यात दुपारी हवाच ४२-४३ अंशांपर्यंत जाते आणि गडद रंगाचा पत्रा ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. फरक ५५ अंशांचा. म्हणजे २ मीटरची ॲल्युमिनियमची पाटी अडीच मिलिमीटर लांब-आखूड होते. लोखंडाची असती तर सव्वा मिलिमीटर. रोज सकाळ-संध्याकाळ ही ओढाताण चालते आणि प्रायमरला दोन्हीकडं जावं लागतं.

म्हणून आम्हाला आधी वाटलं, उन्हानं घात केला. पण उन्हानं केला असता तर तडे दिसले असते. इथं तडे नव्हते, फोड होते. आणि ते पावसात आले होते.

मनुका आणि फोड

आता मुद्द्यावर येऊ. आम्ही त्या पोरांना विचारलं, पत्रा तयार कसा केला ते पहिल्यापासून सांगा. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासला. बोअरच्या पाण्याच्या पाइपनं धुतला. उन्हात उभा करून वाळवला. मग प्रायमर. आणि त्या दोन चांगल्या राहिलेल्या पाट्या? "त्या शेवटी राहिल्या होत्या, सर. तेव्हा लाइट गेली, मोटार बंद. म्हणून नुसत्या थिनरच्या फडक्यानं पुसल्या."

म्हणजे जास्त मेहनत केलेल्या पाट्या गेल्या आणि घाईत केलेल्या टिकल्या. पोरांना हे पटेना. साहजिक आहे. त्यांच्या दृष्टीनं धुणं म्हणजे स्वच्छ करणं.

बोअरचं पाणी वाळतं तेव्हा पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. माठाच्या बाहेर जो पांढरा थर येतो तोच पत्र्यावर येतो, फक्त इतका पातळ की दिसत नाही. त्यावर आपण प्रायमर मारतो. प्रायमरचा थर प्लास्टिकच्या पिशवीसारखा बंद नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जाते, पण क्षार बाहेर येत नाहीत. मनुका पाण्यात टाकल्यावर काय होतं? सालीतून पाणी आत शिरतं, आतली साखर बाहेर पडत नाही आणि मनुका फुगते. पत्र्यावरचा फोड ही तशीच मनुका आहे. आत क्षार, बाहेर पाणी, मध्ये प्रायमरची साल. शाळेत ज्याला परासरण म्हणून शिकवलं तेच हे.

किती क्षार पुरतात? पत्र्यावर पाण्याचा ५० मायक्रॉनचा पापुद्रा राहिला असं धरू. एका चौरस मीटरवर ते ५० मिलिलिटर पाणी होतं, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढं. पाण्यात विरघळलेले क्षार, ज्याला आपण टीडीएस म्हणतो, लिटरला १५०० मिलिग्रॅम असतील तर वाळल्यावर ७५ मिलिग्रॅम क्षार पत्र्यावर राहतात. आता तुलना करा. समुद्रात जाणाऱ्या जहाजांच्या बॅलास्ट टाक्या रंगवण्याआधी पृष्ठभागावर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त विरघळणारं मीठ चालत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तुलना तंतोतंत नाही, कारण आपल्या क्षारांतला काही भाग चुनखडीसारखा असतो आणि तो सहज विरघळत नाही. खरा त्रास क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट यांचा. पण अंदाज यायला एवढं पुरे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत बसून आपण आपल्या हातानं पत्र्यावर मीठ पसरतो.

१५०० हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे पिण्याच्या मानकात कसंबसं बसणारं पाणीसुद्धा पत्र्यासाठी वाईट असू शकतं. तुमच्या बोअरचा आकडा तुम्ही स्वतः मोजा. टीडीएस मीटर खिशात मावतो आणि आरओ दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मुलाकडं तो असतो.

"मग चांगल्या पाण्यानं धुवा" असं म्हणणं सोपं आहे. पण आपण लातुरात बसलोय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. ज्या गावानं घागरीसाठी रांगा पाहिल्या, तिथं पत्रा धुवायला गोडं पाणी वापरा असं कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून उपाय कमी पाण्याचा हवा. तो आहे, आणि प्रत्येक गॅरेजमध्ये आहे: बॅटरीचं पाणी. बोअरच्या पाण्यानं घाण काढा, हरकत नाही. पण ते पत्र्यावर वाळू देऊ नका. ओलं असतानाच रबरी पट्टीनं ओढून टाका, मग बॅटरीच्या पाण्याचा शेवटचा हात द्या आणि स्वच्छ सुती फडक्यानं पुसा. चौरस मीटरला अर्धा लिटर भरपूर होतं. आरओच्या नळाचं पाणीही चालेल. आरओमधून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं ते मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच असतात.

घरची परीक्षा: बारा पट्ट्या

हे सगळं आमच्या सांगण्यावर मानू नका. परीक्षा घ्या. खर्च फार नाही.

ज्या पत्र्याचं काम करता त्याच पत्र्याच्या १० बाय १५ सेंटिमीटरच्या बारा पट्ट्या कापा. पेननं खूण करू नका, ती रंगाखाली जाते. कडेला कानशीनं खाचा मारा. तीन-तीन पट्ट्यांचे चार गट होतील.

एक खाच: नुसतं थिनरनं पुसलेलं.
दोन खाचा: आधी थिनरनं पुसून, मग बारीक पेपरनं कोरडं घासून, पुन्हा थिनरनं पुसलेलं.
तीन खाचा: पुसून, घासून, बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेलं.
चार खाचा: तीनसारखंच, पण वाळायच्या आत बॅटरीच्या पाण्याचा शेवटचा हात देऊन पुसलेलं.

क्रम लक्षात घ्या: आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर पेपर तेलच पत्र्यात घासून बसवतो. लोखंडी ब्रश वापरू नका, त्याचे कण ॲल्युमिनियमात रुततात आणि पुढं तिथंच ठिपके धरतात.

बाराही पट्ट्यांवर एकाच बैठकीत, एकाच डब्यातून, सरमिसळ करून प्रायमर मारा. गटवार मारला तर पहिल्या गटाला भरलेला डबा आणि शेवटच्या गटाला संपत आलेला डबा मिळेल आणि फरक कशाचा ते कळणार नाही. जाडी मोजायची असेल तर लक्षात ठेवा, लोखंडावर चालणारं चुंबकी मीटर इथं उपयोगाचं नाही. ॲल्युमिनियमला एडी करंटवालं मीटर लागतं.

आठवडाभर सावलीत ठेवा. हाताला वाळणं वेगळं आणि पिकणं वेगळं. आंबा पिवळा दिसला म्हणून आतून पिकलेला नसतो.

मग प्रत्येक गटातली एक पट्टी कपाटात ठेवा. ती साक्षीदार. एक गच्चीवर, दक्षिणेकडं तोंड करून तिरकी बांधा. आणि एक पाण्यात बुडवा. पाणी कुठलं? इथंच लोक चुकतात. त्या मालकानं आम्ही जायच्या आधी एक परीक्षा केलीच होती. कुणीतरी त्याला सांगितलं, कंपन्या मिठाच्या पाण्यात तपासतात. त्यानं बादलीभर खारं पाणी करून एक नवी पाटी आठ दिवस बुडवली. काही झालं नाही. म्हणून त्याची खात्रीच पटली की आपलं काम बरोबर आणि डबा खोटा.

मनुका आठवा. साखरेच्या पाकात मनुका फुगत नाही, साध्या पाण्यात फुगते. थराखालचे क्षार ओळखायचे असतील तर बाहेर मीठ नको, शुद्ध पाणी हवं. आणि पाऊस म्हणजे काय? आकाशातून पडणारं जवळजवळ शुद्ध पाणी. त्या पाट्यांना जे खाऱ्या बादलीत झालं नाही ते पहिल्या पावसात झालं. तीच पाटी आम्ही बॅटरीच्या पाण्यात ठेवली आणि फोड आले.

पट्ट्या एक दिवस, तीन दिवस आणि सात दिवसांनी काढून बघा. बाहेर काढल्याबरोबर, ओली असतानाच बघा. उन्हात वाळली की बारीक फोड बसतात आणि पकडही थोडी परत येते. मग सगळं ठीक वाटतं.

पकड बघायची पद्धत अशी. धारदार कटर ब्लेडनं सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा, पत्र्यापर्यंत पोचतील अशा. पातळ थराला एक-एक मिलिमीटर अंतरानं. पंचवीस चौकटी तयार होतात. पट्टी ओली असेल तर वरचं पाणी टिपून घ्या. चांगली चिकट टेप लावा, बोटानं घासा, मिनिट-दीड मिनिटानं एका झटक्यात पण सावकाश कोनात ओढा. किती चौकटी टेपसोबत आल्या ते मोजा.

हीच आयएसओ २४०९ ची क्रॉस कट परीक्षा. तिच्यात ० म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे वाईट. अमेरिकेच्या एएसटीएम डी ३३५९ मध्ये उलटं, ५बी म्हणजे उत्तम आणि ०बी म्हणजे सगळं गेलं. म्हणून कुणी नुसतं "पाच आले" म्हणालं तर पेढे वाटायच्या आधी विचारा, कुठले पाच?

निकाल बघणाऱ्याला खाचा दिसू देऊ नका. कडेला कागद गुंडाळा. आपल्याला जे खरं ठरावं असं वाटतं तेच डोळ्याला दिसतं, हे आमच्याही बाबतीत झालंय.

"५०० तास" म्हणजे किती वर्षं?

डब्यावर किंवा माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, सॉल्ट स्प्रे ५०० तास. ही परीक्षा आयएसओ ९२२७ किंवा एएसटीएम बी ११७ प्रमाणं होते. बंद पेटीत ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सतत सोडतात. एकाच कारखान्याचा आजचा माल कालच्यासारखा आहे का, हे बघायला ती चांगली. पण त्या तासांचं वर्षांत रूपांतर करता येत नाही. खुद्द त्या मानकातही सांगितलंय की या निकालाचा आणि प्रत्यक्ष हवेतल्या टिकण्याचा थेट संबंध क्वचितच लागतो.

रत्नागिरीला खारा वारा आहे, तिथं ती थोडी तरी जवळची. लातूर-नांदेडला काय आहे? कडक ऊन, धूळ, मग चार महिने पाऊस, हिवाळ्यातलं दव आणि शेतातली फवारणी. त्या पेटीत ऊन नाही, कोरडं पडणं नाही. शिवाय तिच्यासाठी पत्रा तयार करणाऱ्यानं तो प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यानं धुतलेला असतो. तुमचं बोअर त्या ५०० तासांत मोजलेलंच नाही. कंपनी खोटं बोलत नाही. ती तिच्या पत्र्याबद्दल बोलते, तुमच्या नाही.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिलाय. अशा ठिकाणी उद्या कुणाला छोटी-मोठी कामं मिळवायची असतील तर "आमचा रंग लई भारी" म्हणून चालणार नाही. पत्रा कसा तयार केला, पाणी कुठलं, जाडी किती, क्रॉस कट किती, हे वहीत लिहिलेलं दाखवावं लागेल. ती वही आजपासून घाला.

फुप्फुसाची परीक्षा घेऊ नका

परीक्षेच्या नादात एक विसरू नका. तोंडाला बांधलेला गमछा धूळ थोडी अडवतो, थिनरची वाफ अजिबात नाही. त्यासाठी कार्बन कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर असलेला मास्क लागतो. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्या वासानंही उसळतो. जुना रंग घासताना कोरडा घासू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. आणि स्प्रेचे डबे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नका असं डब्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात शेडमध्ये, छताला लागून असलेल्या फळीवर ती मर्यादा ओलांडू शकते.

प्रश्नोत्तरं

*नांदेडहून, आयटीआयचा विद्यार्थी: लोखंडाचा रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमवर मारला तर?*

बसेल, पण धरणार नाही. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडाच्या खडबडीत पृष्ठभागासाठी केलेला असतो. ॲल्युमिनियमवर आधी वॉश प्रायमरचा पातळ हात हवा, नाहीतर चांगलं घासून एपॉक्सी. आणि वॉश प्रायमरवर थेट दोन भागांचा एपॉक्सी मारू नका, आतलं ॲसिड एपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं. दोन्ही एकत्र चालतात असं बनवणाऱ्यानं लिहून दिलं असेल तरच.

*लातूरहून: दुपारच्या उन्हात मारलं तर लवकर वाळतं. मग तेच चांगलं नाही का?*

लवकर वाळतं हीच अडचण. थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच अर्धा वाळतो, मग पसरत नाही. हात फिरवला तर खरखरीत लागतं. तो थर नसतो, ती भुकटी असते. आणि हिवाळ्यात अगदी पहाटेही नको, तेव्हा पत्र्यावर न दिसणारं दव असतं. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. सकाळी नऊ-दहाची वेळ बहुतेक दिवसांत बरी.

*नांदेडहून, शेतकरी: मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतो. पंपाचे ॲल्युमिनियमचे भाग खराब होतात. प्रायमरनं वाचतील?*

थोडे दिवस. चुना ॲल्युमिनियमची कातडी विरघळवतो. मोरचुदातलं तांबं उघड्या ॲल्युमिनियमवर बसतं आणि त्याच्याभोवती खड्डे पडतात. आत सतत द्रावण लागणाऱ्या भागावर स्प्रे प्रायमरचा भरवसा धरू नका, तिथं प्लास्टिकच बरं. बाहेरच्या भागांवर मारा आणि फवारणी झाली की त्याच दिवशी धुऊन टाका. तेरावी पट्टी करायची तर यासाठी करा: या द्रावणाचा एक थेंब रात्रभर पट्टीवर ठेवून बघा.

*लातूरहून: पाटी ॲल्युमिनियमची, पण स्क्रू लोखंडी. तिथूनच रंग सुटतो.*

दोन धातू आणि मध्ये ओलावा म्हणजे बॅटरी तयार झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि खाली नायलॉनचा वायसर टाका. रंगवताना फक्त ॲल्युमिनियम रंगवून लोखंड उघडं ठेवू नका. रंगाला एखादा ओरखडा पडला की सगळा मार त्या एका ठिपक्यावर येतो. दोन्ही रंगवा. एकच जमत असेल तर लोखंड रंगवा.

*नांदेडहून: त्या मालकाचं पुढं काय झालं?*

त्यानं सगळ्या पाट्या उतरवून, खरवडून पुन्हा केल्या. बॅटरीच्या पाण्याचा हात देऊन. गिऱ्हाइकाकडं जाताना तीन खाचांची आणि चार खाचांची, सात दिवस बुडवलेली पट्टी ओलीच पिशवीत घालून नेली आणि त्याच्यासमोर टेप ओढली. गिऱ्हाइकानं अर्धे पैसे त्याच दिवशी दिले, राहिलेले पावसाळा झाल्यावर. पोरांचा पगार मात्र मालकानं आधीच दिला होता, उसने घेऊन. आणि प्रायमर अजूनही तो त्याच कंपनीचा घेतो.